समुद्रातल्या स्वयंसेवी बचाव सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रात कोणी अडकलं की कुठूनशी बोट येते, माणसांना उचलते आणि निघून जाते. बघणाऱ्याला एवढंच दिसतं. त्या बोटीवरची माणसं पगारी नाहीत, तासाभरापूर्वी ती घरी झोपलेली होती, हे कळलं की मग प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमी कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे लोक खरंच फुकट काम करतात का?

बहुतेक जण, हो. ब्रिटन आणि आयर्लंडमधली आरएनएलआय, नेदरलँड्समधली केएनआरएम, स्वीडनची सागरी बचाव संस्था, या सगळ्या बचाव संस्थांचा कणा स्वयंसेवकच आहेत. बोट चालवण्याबद्दल त्यांना पगार मिळत नाही. काही ठिकाणी बुडालेल्या रोजाची थोडीफार भरपाई मिळते, पण तिच्यावर कुणाचं घर चालत नाही.

तरी सगळेच बिनपगारी असतात असंही नाही. मोठ्या बोटीचं इंजिन रोजच्या रोज बघावं लागतं, त्यामुळे अनेक ठाण्यांवर मेकॅनिक पगारी असतो, कधी बोटीचा तांडेलही. जर्मनीच्या संस्थेत साधारण 1,000 जण बोटींवर काम करतात. त्यातले 800 च्या आसपास स्वयंसेवक आहेत. उरलेले पगारी, आणि ते मोठ्या बचावनौकांवर दोन-दोन आठवड्यांच्या पाळीने चक्क राहतात.

ही पद्धत सुरू कुठून झाली?

शिडाच्या जहाजांच्या काळात बरीचशी जहाजं भर समुद्रात नव्हे, किनाऱ्याच्या तोंडाशी फुटायची. वारा जहाजाला जमिनीकडे लोटायचा, नांगर धरायचा नाही आणि खडकावर आपटून सगळं संपायचं. किनाऱ्यावरच्या माणसांना बुडणारे चेहरे दिसायचे, हाका ऐकू यायच्या. राजधानीतून मदत यायला दिवस लागले असते. जवळ कोण होतं? तिथलेच मच्छीमार आणि खलाशी. त्यांच्याकडे वल्ही होती आणि त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती होती. स्वयंसेवी बचावाचं मूळ हे असं भूगोलात आहे. उदात्त विचार त्याला नंतर येऊन चिकटले.

त्याला संस्थेचं रूप आलं 1824 मध्ये. आइल ऑफ मॅन बेटावर राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी डोळ्यांदेखत जहाजं फुटताना पाहिली होती. त्यांच्या खटपटीतून लंडनमध्ये जी संस्था उभी राहिली, तीच आजची आरएनएलआय. त्याच वर्षी नेदरलँड्समध्येही असं काम सुरू झालं. पुढे जर्मनीत 1865, नॉर्वेत 1891, स्वीडनमध्ये 1907. दक्षिण आफ्रिकेत 1966 साली स्टिलबाईजवळ 17 मच्छीमार बुडाले, आणि त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी तिथली संस्था जन्माला आली. फ्रान्समध्येही 1967 सालीच दोन जुन्या संस्थांची मिळून एक झाली. या यादीत बहुतेक तारखांच्या मागे कुठलं ना कुठलं फुटलेलं जहाज असतं.

संकटाचा संदेश थेट स्वयंसेवकांकडे जातो का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. संदेश जातो सागरी बचाव समन्वय केंद्राकडे. 1979 साली हॅम्बुर्गमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला, 1985 पासून तो लागू आहे. त्यानुसार जगातले समुद्र शोध आणि बचावासाठी 13 मोठ्या विभागांत वाटलेले आहेत, आणि त्या विभागांत प्रत्येक देशाच्या वाट्याचं क्षेत्र ठरलेलं असतं. संदेश आला की केंद्रातला अधिकारी नकाशावर बघतो की त्या जागेजवळ कोण आहे. एखादं मालवाहू जहाज, हेलिकॉप्टर, मासेमारीची बोट, की स्वयंसेवकांचं ठाणं? अडचणीतल्या माणसाच्या मदतीला जाणं हे जहाजाच्या कप्तानाचंही कायदेशीर कर्तव्य आहे, त्यामुळे बरेचदा पहिली मदत शेजारून जाणाऱ्या जहाजाकडूनच पोचते.

स्वयंसेवी ठाण्याला केंद्र सहसा हुकूम देत नाही, विनंती करतं. बोट काढायची की नाही हे ठाण्याचा जबाबदार माणूस ठरवतो. समुद्र कसा आहे, हाताशी माणसं किती, बोट या कामाची आहे का, हे त्याला माहीत असतं. जर्मनीचा मामला थोडा वेगळा आहे. तिथे ब्रेमेनचं समन्वय केंद्रही देणग्यांवर चालणारी तिथली बचाव संस्थाच सरकारच्या वतीने सांभाळते.

बोलावणं आल्यापासून बोट पाण्यात जाईपर्यंत नेमकं काय होतं?

समजा रात्रीचे पावणेतीन वाजलेत. उशाशी पेजर किंचाळतो. कपडे खुर्चीवर, गाडीची किल्ली कायम एकाच खिळ्याला. ठाण्यावर जो आधी पोचतो तो शटर वर करतो आणि दिवे लावतो. भिंतीवर खुंट्यांना ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारे अंगभर पोशाख, टांगलेले असतात, त्यांना रबरी बूट जोडलेलेच असतात. आधी पाय घालायचे, मग हात, मग डोकं. गळ्याचं रबर इतकं घट्ट असतं की त्यातून डोकं काढताना कान दुमडतात. चेन सूटवर आडवी असते, आपल्या हाताला ती नीट येत नाही. म्हणून न सांगता शेजारचा ती ओढतो, आणि तुम्ही त्याची ओढता. वर लाइफ जॅकेट. त्याचा मांड्यांखालून घेतलेला पट्टा आवळलेला आहे ना, हे दुसऱ्याने हात लावून बघायचं. तो पट्टा सैल राहिला तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि माणूस त्यातून खाली.

बोटीला चौघे लागत असतील तर धावत येतात आठ-नऊ. कोण जाणार हे तांडेल तिथल्या तिथे ठरवतो. अनुभव बघतो, आणि चेहराही बघतो. मागे राहिलेल्यांत कोणी ट्रॅक्टरवर चढून बोट पाण्यात ढकलतो, कोणी रेडिओ धरतो. काही ठिकाणी बोट उतारावरून घसरत पाण्यात जाते, काही ठिकाणी ती धक्क्याला बांधलेलीच असते. हे सगळं साधारण दहा मिनिटांत उरकायचं असतं.

परत आल्यावरचं काम कुणी बघत नाही. गोड्या पाण्याने बोट धुवायची, इंजिनातलं खारं पाणी काढायचं, तेल भरायचं, दोर सुकवून पुन्हा वेटोळी घालायची. एवढं झालं की मगच केंद्राला कळवायचं की बोट पुन्हा तयार आहे. मग घरी जाऊन आंघोळ आणि नऊ वाजता आपापल्या कामावर.

सरकार हे काम स्वतःच का करत नाही?

कित्येक देशांत करतंच. बाकी ठिकाणी मिश्र व्यवस्था असते: समन्वय आणि बहुधा हेलिकॉप्टर सरकारचं, किनाऱ्याजवळच्या बोटी स्वयंसेवकांच्या. हिशेब साधा आहे. ज्या ठाण्याला महिन्यातून दोन-चारदाच बोलावणं येतं, तिथे चोवीस तास पगारी माणसं बसवून ठेवणं कुणालाच परवडत नाही. आणि भरतीत कुठला खडक झाकला जातो, कुठल्या वाऱ्यात खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात, हे बदली होऊन आलेल्याला कळेपर्यंत त्याची पुढची बदली आलेली असते.

मग पैसा कुठून येतो?

देणग्या, वर्गणी, आणि मृत्युपत्रातून ठेवलेल्या रकमा. या शेवटच्या गोष्टीचं बाहेरच्यांना नवल वाटतं, पण आरएनएलआयचा मोठा आधार तोच आहे.

रस्त्यावर डबा फिरवून चांगल्या कामासाठी पैसे गोळा करायची जी पद्धत आज सगळीकडे दिसते, तिची सुरुवातही या कामाशी जोडलेली आहे. 1886 मध्ये ‘मेक्सिको’ नावाच्या जहाजावरच्या लोकांना वाचवायला गेलेले दोन बोटींवरचे 27 बचावकर्मी बुडाले. त्यांच्या उघड्यावर पडलेल्या कुटुंबांसाठी चळवळ उभी राहिली आणि 1891 मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर डबे फिरले. अशा निधीसंकलनाची नोंद असलेली ती पहिलीच वेळ मानतात. जर्मनीत दुकानांच्या गल्ल्यांवर छोट्या होडीच्या आकाराच्या दानपेट्या आजही दिसतात. स्वीडनमध्ये सभासदत्वाची पद्धत आहे. सभासदाची बोट बंद पडली तर प्रकरण गंभीर व्हायच्या आधीच ते मदतीला येतात.

वाचवल्यावर बिल येतं का?

माणसाचा जीव वाचवल्याचं, नाही. 1989 च्या सागरी साल्व्हेज (संकटातली जहाजं आणि माल सोडवण्याच्या) करारातही स्पष्ट आहे की जिचा जीव वाचला त्या व्यक्तीकडून मोबदला मागता येत नाही. बोट म्हणजे मात्र मालमत्ता, आणि तिचे नियम वेगळे. काही संस्था बोट ओढून आणण्याचेही पैसे घेत नाहीत, काही घेतात. दोर बांधायच्या आधी विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

एवढ्या मोठ्या समुद्रात एक माणूस सापडतो कसा?

बरेचदा सापडत नाही, हे आधी सांगायला हवं. पाण्यात पडलेल्या माणसाचं फक्त डोकं वर असतं. लांबून बघाल तर तरंगणारा नारळ, तोही लाटेआड जाणारा. बोटीवरच्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन-तीन मीटर वर. अर्धा वेळ दोघांच्या मध्ये पाण्याची भिंतच असते.

म्हणून डोळ्यांच्या आधी गणित चालतं. माणूस जिथे पडला तिथे तो राहत नाही. प्रवाह त्याला नेतो, वाराही नेतो, आणि वारा प्रत्येकाला वेगवेगळा नेतो. रिकामी रबरी होडी वाऱ्याबरोबर सुसाट पळते, गळ्यापर्यंत बुडालेला माणूस मुख्यतः प्रवाहाबरोबर जातो. एकाच बोटीतून पडलेली माणूस आणि होडी तासाभरात एकमेकांपासून खूप दूर असतात. होडी सापडली म्हणजे माणूस जवळ आहे असं धरून चालणं ही मोठी चूक.

प्रवाह दोन नॉटचा असेल तर तासाभरात माणूस दोन सागरी मैल, म्हणजे पावणेचार किलोमीटरच्या आसपास सरकतो. खबर द्यायला तास उशीर झाला तर शोधाचं वर्तुळ तेवढं मोठं, आणि त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट. बोटी मात्र तेवढ्याच असतात! या पानावरचं एकच काही लक्षात राहणार असेल तर ते हे गणित राहू दे. ‘अजून थोडं थांबू, येतील’ या वाक्याची किंमत चौपटीने वाढत जाते.

जागा ठरली की शोधाची रेघ आखतात. पडल्याची जागा नेमकी माहीत असेल तर तिच्यातून आरपार जाणाऱ्या फेऱ्या, पंख्याच्या पात्यांसारख्या. थोडीफार माहीत असेल तर मध्यापासून बाहेर वाढत जाणारा चौकोन. क्षेत्र मोठं असेल तर नांगरटीसारख्या समांतर रेघा. दोन रेघांमधलं अंतर काय शोधतोय आणि नजर किती पोचते यावर ठरतं. प्रत्येकाला बघायला आपापला कोपरा वाटून दिलेला असतो, कारण सगळे सगळीकडे बघायला लागले की कोणीच नीट बघत नाही. आणि मधूनच इंजिन बंद करतात. दिवा जिथे पोचत नाही तिथून शिट्टी ऐकू येऊ शकते. लाइफ जॅकेटला बांधलेली ती प्लास्टिकची शिट्टी लोक पोरखेळ समजतात. ती माणसाच्या ओरडण्यापेक्षा लांब पोचते, आणि घसा बसला तरी वाजते.

सापडलेल्या माणसाला दंडाला धरून वर ओढायचं, एवढंच ना?

तातडीच्या वेळी तसंही करावं लागतं, पण गार पाण्यात बराच वेळ राहिलेल्या माणसाला शक्यतो आडवं उचलतात. पाण्याचा दाब चहूबाजूंनी असतो, तो रक्ताला एका परीने आधार देतो. माणसाला उभं उचललं की तो दाब एकदम जातो, रक्त पायांकडे उतरतं, आणि आधीच थकलेल्या हृदयाला ते झेपत नाही. शुद्धीवर असलेला, बोलणारा माणूस बोटीत घेताच कोसळल्याची उदाहरणं आहेत. म्हणून बोटीच्या कडेला जाळी किंवा कापडाची झोळी सोडतात आणि माणसाला तिच्यात लोळवत वर घेतात. वर आल्यावरही आडवंच ठेवायचं. चोळायचं नाही, दारू तर मुळीच द्यायची नाही.

थंड पाण्याबद्दल 1-10-1 असा एक ठोकताळा आहे. पहिलं 1 मिनिट श्वास आवरण्याचं, कारण धक्क्याने धाप लागते आणि नेमकं तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. पुढची 10 मिनिटं हातापायांत काम करण्याइतकं बळ असतं. शुद्ध हरपायला साधारण 1 तास. गारठ्याने मरायच्या कितीतरी आधी माणूस बुडतो, तो हात चालेनासे झाल्यामुळे. लाइफ जॅकेट अंगात असेल तरच तो एक तास मिळतो.

बचावाची बोटच उलटली तर?

भर समुद्रात जाणाऱ्या आजच्या बहुतेक बचावबोटी उलटल्या तरी आपोआप सुलट होतात. वजन तळाशी असतं, वरची केबिन हवाबंद असते, त्यामुळे उलटी बोट पाण्यावर स्थिर राहूच शकत नाही. खुर्च्यांना स्प्रिंग असतात आणि माणसं पट्ट्यांनी बांधलेली असतात. अशा बोटी 25 नॉटने जातात. रस्त्यावर ताशी 46 किलोमीटर म्हणजे काहीच नाही, पण खवळलेल्या पाण्यात त्या वेगाने जाणं म्हणजे दर लाटेला बोट काँक्रीटवर आदळल्यासारखी आदळते. किनाऱ्याजवळच्या मोठ्या रबरी बोटींना मागच्या चौकटीवर एक पिशवी असते. दोरी ओढली की ती फुगते आणि बोट सुलट होते.

ही सुधारणा किंमत मोजून आली आहे. 1861 साली इंग्लंडमधल्या व्हिटबीला एकाच वादळी दिवसात वारंवार समुद्रात गेलेली बोट अखेर उलटली. तेरांपैकी बारा जण गेले. जो वाचला, त्या हेन्री फ्रीमनच्या अंगात तेव्हा नव्याने आलेलं बुचाचं जॅकेट होतं. 19 डिसेंबर 1981 च्या रात्री कॉर्नवॉलच्या माउसहोल गावाची ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी बोट ‘युनियन स्टार’ या जहाजाच्या मदतीला गेली. चौघांना उचलल्याचा निरोप रेडिओवर आला आणि त्यानंतर संपर्क तुटला. बोटीवरचे आठही स्वयंसेवक आणि जहाजावरचे आठही जण, सोळा माणसं गेली. दिवसभरातच त्या गावात नव्या पथकासाठी पुरेशी नावं आली होती.

स्वयंसेवक व्हायला खलाशीच असावं लागतं का?

पूर्वी तसंच होतं. आता आरएनएलआयच्या स्वयंसेवकांत दर्यावर्दी पेशातला दहांत जेमतेम एक असतो. बाकी शिक्षक, गवंडी, दुकानदार, नर्स. किनाऱ्यावरची मासेमारी आटली तसे खलाशी कमी झाले, आणि त्यांची जागा प्रशिक्षणाने भरून काढावी लागली. बोट हाकणं, रेडिओ, प्रथमोपचार, दोरकाम, अंधारात उलटलेल्या बोटीखालून बाहेर येणं, सगळं शिकवतात. विल्यम हिलरींना तर स्वतःला पोहता येत नव्हतं, तरी ते वादळात बोटी घेऊन गेले. हे अनुकरणीय नाही, अर्थातच.

खरी अट वेगळी आहे: घर आणि कामाची जागा ठाण्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर हवी, आणि भर कामातून उठून जाऊ देणारा मालक हवा. किनाऱ्यालगतची घरं महाग झाली की तरुण माणसं दूर राहायला जातात, आणि ठाण्याला दिवसाढवळ्या माणसं मिळेनाशी होतात. समुद्र लागत असेल तर? अनेकांना लागतो. तोंड धुऊन पुन्हा दोर धरतात.

बोटीवर जायचंच नसेल तरी कामं पुष्कळ आहेत. ट्रॅक्टर चालवणारे, हिशेब ठेवणारे, निधी गोळा करणारे नसतील तर बोट शेडमध्येच राहील.

बोलावणी बहुतेक वादळातच येतात का?

वादळातली लक्षात राहतात. बहुतेक बोलावणी कंटाळवाण्या कारणांची असतात. इंजिन बंद पडलं, तेल संपलं, पंख्यात दोर अडकला. फिरायला गेलेले भरतीने घेरले गेले. फळीवर उभं राहून वल्हवणाऱ्याला जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने बाहेर नेलं. हा शेवटचा प्रकार फसवा आहे, कारण अशा वाऱ्यात किनाऱ्याजवळचं पाणी तळ्यासारखं शांत दिसतं.

मदत नेमकी कशी मागायची?

रेडिओ असेल तर व्हीएचएफचं 16 नंबरचं चॅनल. जिवाला धोका असेल तर ‘मेडे’ तीनदा. मग बोटीचं नाव, ठिकाण, काय झालंय, किती माणसं. ठिकाण लवकर सांगा, कारण संदेश मध्येच तुटला तरी निदान कुठे यायचं ते कळलेलं असतं. धोका अजून जिवावर आलेला नाही, पण मदत लागणार आहे, अशा वेळी ‘पॅन-पॅन’. नव्या रेडिओवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की बोटीची ओळख आणि, जीपीएस जोडलेलं असेल तर, ठिकाणही आपोआप जातं.

मोबाइल नसण्यापेक्षा असलेला बरा, पण फोन एकाच माणसाला ऐकू जातो. रेडिओवरचं बोलणं पलीकडच्या बोटीलाही ऐकू जातं, आणि कदाचित तीच पाच मिनिटांत पोचते. खोल समुद्रात जाणाऱ्यांनी 406 मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटाचा संकेत पाठवणारं छोटं यंत्र, ठेवावा, त्याचा संकेत उपग्रहांमार्फत जातो. काहीच नसेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करा, हीसुद्धा मान्य खूण आहे.

चूक माझीच असेल, तरी येतात का?

येतात. हॅम्बुर्गच्या करारातच आहे की संकटातल्या माणसाचं राष्ट्रीयत्व, दर्जा किंवा तो त्या स्थितीत कसा आला हे बघायचं नाही. खरडपट्टी काढायचीच असेल तर ती धक्क्यावर पोचल्यावर, आणि सहसा तेव्हाही काढत नाहीत. जीव जाईपर्यंत लाजेपोटी फोन न करणारी माणसं त्यांनी पुरेशी पाहिलेली असतात.

मृतदेह काढावे लागतात तेव्हा स्वयंसेवकांचं काय होतं?

त्रास होतो. गाव लहान असेल तर बुडालेला माणूस ओळखीचाही असतो. पूर्वी यावर कोणी बोलत नसे. आता अनेक संस्थांत अशा फेरीनंतर सगळे एकत्र बसून काय घडलं ते बोलतात, आणि लागेल त्याला समुपदेशन मिळतं. कोणी सहा महिने बोटीवर न जाता नुसता ट्रॅक्टर चालवतो. त्याला कोणी कारण विचारत नाही.

बीकन चुकून चालू झाला तर?

बंद करा, पण बंद करून गप्प बसू नका. संकेत एकदा गेला की शोध सुरू होतो, आणि तो मध्येच थांबला तर केंद्राला वाटतं की बोट बुडाली. लगेच रेडिओ किंवा फोनवरून समन्वय केंद्राला कळवा: नाव, ठिकाण, चुकून चालू झाला, सगळे सुखरूप आहेत. प्रामाणिक चुकीसाठी सहसा कोणी रागावत नाही. तिकडे आठ माणसं ड्रायसूट उतरवून पुन्हा झोपायला जातात.